पिलावाली मरळ

मृगाची पहिली सर पडून मातीचा वास सुटला, की मला आजोबांची आठवण येते. आर्द्रात पहिला पूर येऊन ओसरला म्हणजे ते मला खांद्यावर बसवून नाल्याच्या डोहावर घेऊन जात. डोहाच्या काठाला, लव्हाळ्याच्या सावलीत, पाण्यावर लाल ठिपक्यांचा एक घोळका हलताना दिसे. शेंदराची चिमूट पाण्यात पडावी आणि न विरघळता इकडून तिकडे फिरत राहावी, तसा! त्या घोळक्याच्या खाली, जरा खोलात, एक लांबट काळी सावली उभी असे. घोळका सरकला की सावलीही सरके. ती मरळ. आणि तो लाल घोळका म्हणजे तिची पिले.

"पिल्लायची माय हाय ते. तिले हात लावू नाई." आजोबांचे सांगणे एवढेच.

आम्ही भोई. मासे धरणे हे आमचे पोट. मरळीला बाजारात भाव चांगला. शिवाय पिलांजवळची मरळ जागा सोडून जात नाही, म्हणजे धरायला सोपी. तरीही पिले मोठी होऊन पांगेपर्यंत त्या डोहात पाग टाकायचा नाही, असा आमच्या घरचा नेम होता. आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण पुढच्या वर्षीचा मासा यंदाच्या पिलांतून येतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

गेल्या चार-पाच पावसाळ्यांत तो लाल घोळका मला दिसलेला नाही. माझ्या लेखाचा विषय एवढाच आहे. वार्षिकांकासाठी याहून मोठा विषय घ्यावा, असे मैत्रिणींनी सुचवले. पण दुसरे काही लिहायला बसले की लेखणी फिरून त्या डोहाकडेच जाते. असो.

वाशिम जिल्ह्यातले आमचे आसेगाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, कोठे कोठे पऱ्हाटी. वावरावावरांतून उतरत आलेला नाला गावाजवळून वाहतो. त्याचे पाणी पुढे अडाण नदीला, अडाणेचे पैनगंगेला आणि वर्धा-प्राणहितेच्या वाटेने शेवटी गोदावरीला मिळते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबांचे वर्षाचे दोन भाग आहेत. पाणी असेल तेव्हा तलावावर आणि नाल्यावर जाळे. पीक उभे असेल तेव्हा दुसऱ्याच्या वावरात मजुरी. आषाढ-श्रावणात मजुरीतली जास्त पैशांची मजुरी म्हणजे फवारा मारणे. निंदणापेक्षा त्याला रोज अधिक मिळतो. म्हणून बाबा पाठीवर पंप घेतात.

आणि पंपाला पाणी लागते. ते आणण्याचे काम सातवी-आठवीपासून माझ्याकडे होते. नाल्यातून कॅन भरायची, धुऱ्यावर नेऊन ठेवायची, बाबा झाकणाने मोजून औषध घालीत ते काडीने ढवळायचे. दिवस कलला की रिकामा पंप घेऊन मी नाल्यावर जाई आणि खळखळून धुवून आणी. पंपाच्या तळाशी उरलेले ओतले की दुधासारखा पांढरा ढग पाण्यात पसरे आणि हळूहळू धारेबरोबर निघून जाई. तो ढग पाहायला मला आवडायचे. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खोटे कशाला लिहू?

वर मी 'औषध' असे लिहून गेले. आमच्याकडे सगळे तोच शब्द वापरतात. पिकाला औषध मारले, औषध आणायला तालुक्याला गेला, औषध महाग झाले! ज्याला औषध म्हणायचे त्याची भीती कशी वाटणार?

भीती वाटली ती मी अकरावीत असताना. भर उन्हात दिवसभर फवारून बाबा घरी आले आणि ओट्यावरच बसले. अंगाला घामाच्या धारा, तोंडातून लाळ, बोलणे अडखळते. मायने दृष्ट काढली, मी पाणी दिले, ते उलटून पडले. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी आधी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. मग अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली. तीन दिवसांनी बाबा घरी आले. त्या तीन रात्री मायच्या डोळ्यांसमोर २०१७ साल उभे होते. त्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. आम्ही लहान होतो. पण घरोघरी चाललेले ते दबक्या आवाजातले बोलणे मला आठवते.

त्या दिवसापासून बाबा तोंडाला दुपट्टा बांधू लागले, वारा पाहून फवारू लागले. माणसाच्या जिवाची काळजी आम्ही घ्यायला लागलो. नाल्याचा विचार मात्र तेव्हाही कोणाच्या मनात आला नाही. पंप मी तेथेच धूत होते.

यंदा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प करावा लागला. बहुतेकांनी वृक्षारोपण, प्लास्टिक असे विषय घेतले. मी 'आमच्या नाल्यातले मासे' असे लिहून दिले. सरांनी वर पाहिले आणि विचारले, "मासे किती आहेत हे तू कसे मोजणार?" मला उत्तर देता आले नाही. तेव्हा त्यांनीच वाट दाखवली : आज कोणते मासे सापडतात ते लिही, आणि पूर्वी कोणते सापडत होते ते म्हाताऱ्या माणसांना विचार.

मी विचारत हिंडले. वहीत दोन याद्या झाल्या आणि पहिली यादी दुसरीपेक्षा फारच आखूड निघाली. कारणे प्रत्येकाने वेगळी सांगितली. पाऊस पूर्वीसारखा टिकत नाही. जागोजाग बंधारे झाले, मासा वर चढू शकत नाही. बारीक डोळ्यांची जाळी आली. डोहात गाळ भरला. ही सगळी कारणे खरी असतील, एकट्या औषधावर सारा दोष टाकणे मला योग्य वाटत नाही. औषधाचे नाव काढले की मात्र सगळे एकच बोलत. बाबाही तेच म्हणाले. "पयले एंडोसल्फान मारलं का नाल्यात मासे उलटे पडत. आता पडते का एक तरी? औषध हलकं आलं हाय."

एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बंदी घातली. माशांना ते अतिशय मारक होते, तेव्हा बाबांची आठवण खोटी नाही. नाल्यात मेलेला मासा आता दिसत नाही, हेही खरे. मग मासा गेला कोठे? मेला नाही, कोणी धरला नाही, तरी नाही! हे कोडे घेऊन मी पुन्हा सरांकडे गेले. त्यांनी मला रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२ सालच्या पुस्तकातला नद्यांवरचा भाग समजावून सांगितला.

कॅनडात मिरामिची नावाची नदी आहे. सॅमन मासे समुद्रातून तिच्यात अंडी घालायला येतात. १९५४ च्या जून महिन्यात तिच्या काठच्या जंगलांवर, झाडे खाणाऱ्या अळीसाठी, विमानांतून डीडीटी फवारले गेले. दोनच दिवसांत काठाला मेलेले मासे लागले. पण त्याहून मोठी गोष्ट नंतर कळली. त्या वसंतात अंड्यांतून निघालेली पिले फवारलेल्या भागात जवळजवळ उरलीच नव्हती. एक अख्खी पिढी गेली. आणि हे कळले कशामुळे? तेथले शास्त्रज्ञ १९५० पासून दरवर्षी त्या नदीतली पिले मोजत होते म्हणून. मोजणारे नसते तर मोठे मासे मेले एवढेच लोकांना आठवले असते, आणि पिले गेल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

दुसरी हकीकत अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातली, लेक जॉर्ज या सरोवराची. तेथल्या ट्राउट माशांची अंडी घेऊन ती उबवण केंद्रात वाढवीत. अंडी फुटत, पिले बाहेर पडत, काही दिवस बरी दिसत आणि मग एकाएकी मरत. पिलू जन्मते तेव्हा त्याच्या पोटाला बलकाची पिशवी असते. तोंड उघडून स्वतः खाता येईपर्यंत ते त्या शिदोरीवर जगते. आईच्या अंगात साठलेले डीडीटी त्या बलकात उतरले होते. शिदोरी संपत आली की विष पिलाच्या अंगात भिनायचे. १९६४ साली हे प्रसिद्ध झाले. ते ऐकून मी बराच वेळ गप्प बसले. लेकीला शिदोरी बांधून देणाऱ्या आईला त्यात काय गेले आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

पुढे मी ग्रंथालयात जे मिळाले ते वाचले. रोहू माशाचे अंडे पाण्यात पडते तेव्हा दीड मिलिमीटरचे असते. पडताच ते पाणी शोषून फुगते आणि पाच मिलिमीटरच्या आसपास होते. काचेच्या मण्यासारखे ते दिसते. पंधरा-वीस तासांत पिलू बाहेर येते आणि सुमारे तीन दिवसांत त्याचा बलक संपतो. म्हणजे चार दिवसांत एका जिवाचे सगळे ठरून जाते! त्या चार दिवसांत हृदय, डोळे, पाठीचा कणा आणि नसा तयार व्हायच्या असतात. अंड्याभोवतीचा पापुद्रा थोडाफार आडोसा करतो. त्यातून बाहेर आलेल्या पिलाला तोही नसतो. म्हणून अनेक कीटकनाशकांपुढे अंड्यापेक्षा नुकतेच फुटलेले पिलू अधिक हळवे ठरते. विष थोडे असेल तर ते लगेच मरत नाही. कणा वाकडा होतो, हृदयाभोवती पाणी साचते, पोहण्यात जोर राहत नाही. असे पिलू दुसऱ्या कोणाच्या तोंडी जाते आणि नाहीसे होते. ते वाचलेच, तरी त्याचे खाणे म्हणजे पाण्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव; ते औषधाने पिलाच्याही आधी मरतात. भरल्या पाण्यात पिलू उपाशी राहते.

बाबांना झालेल्या विषबाधेचे कारणही त्याच पुस्तकांत सापडले. काही औषधे नसांमधले एक द्रव्य बंद पाडतात. ते बंद पडले की नसांचा निरोप थांबतच नाही, स्नायू आणि ग्रंथी चालूच राहतात. अळीत तेच, माशात तेच, माणसात तेच. बाबांना डॉक्टर मिळाले. पिलाला कोण मिळणार?

गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला झेब्राफिश नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहे, कारण त्याचे अंडे पारदर्शक असते आणि आतले हृदय धडधडताना दिसते. रसायन किती विषारी ते पाहण्यासाठी त्याची अंडी ९६ तास त्या पाण्यात ठेवतात आणि हृदय चालू आहे का, शेपूट बलकापासून सुटली का, अशा खुणा तपासतात. ही पद्धत २०१३ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरली. आपल्याच देशातल्या ओढ्याचा मासा जगाला विषाची परीक्षा करून देतो. आणि आमच्या ओढ्यात कोणी वाकून पाहत नाही!

आता 'हलक्या' औषधाचा हिशेब. मी कला शाखेची, गणितात कच्ची. पण हा हिशेब पाचवीच्या मुलालाही जमेल. सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसाला त्या मानाने कमी बाधतात, पण माशांच्या पिलांना एका लिटर पाण्यात एक-दोन मायक्रोग्रॅमही भारी पडतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पंधरा लिटरच्या पंपात पंचवीस टक्क्यांचे दहा मिलिलिटर औषध घातले असे धरा. त्यात अडीच ग्रॅम विष आले. फवारून झाल्यावर तळाशी अर्धा लिटर उरले, तर त्यात सुमारे ८० मिलिग्रॅम. लिटरमागे एक मायक्रोग्रॅम या मापाने ते ८० हजार लिटर पाण्याला पुरते. तीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद आणि कमरेइतके पाणी असलेला डोह म्हणजे साधारण तेवढेच पाणी. आमचा मरळीचा डोह तेवढाच आहे. गढूळ पाण्यात यातले बरेचसे गाळाला चिकटते, धार असली तर पुढे वाहून जाते, त्यामुळे प्रत्येक वेळी डोह मरतो असे मी म्हणणार नाही. पण पंप एक नसतो. आमच्या नाल्यावर संध्याकाळी पाच-सहा पंप धुतले जातात. आणि दिवस कोणते? सोयाबीनवर चक्रीभुंगा आणि अळी येते ती पुनर्वसू-पुष्याच्या सुमारास, पुढे आश्लेषापर्यंत. पाण्यात अंडी आणि पिले असतात तीही त्याच नक्षत्रांत. एकच पाऊस दोघांनाही बोलावतो.

औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो : लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यांत जहाल, हिरवा सगळ्यांत सौम्य. १९७१ च्या नियमांनी ठरलेला हा त्रिकोण बाबा अक्षर न वाचता ओळखतात. पण तो रंग उंदरांसारख्या प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून, माणसाला किती धोका ते सांगण्यासाठी ठरतो. पाण्यातल्या जिवाला किती धोका, हे त्या रंगात नसते. आमच्या घरात तो त्रिकोणच वाचला जाई. बारीक अक्षरांतला कागद वाचणारी घरात एकटी मीच होते, आणि मीही तो कधी उघडला नव्हता.

श्रावणात बाबांनी तलावातल्या शेवाळाला चिकटलेली सायप्रिनसची अंडी एका वाटीत आणून दिली. सरांनी दिलेल्या भिंगातून मी ती पाहत बसले. दुसऱ्या दिवशी अंड्यांत दोन काळे ठिपके दिसू लागले. डोळे! माय चूल सोडून पाहायला आली, धाकटा भाऊ आला, शेवटी बाबाही वाकले. आयुष्यभर मासे धरणाऱ्या त्या माणसाने अंड्यातला डोळा पहिल्यांदाच पाहिला. काही अंडी पांढरी पडली; ती बुरशीनेही पडतात, त्यामुळे त्यांचा दोष मी कोणाला देत नाही. तिसऱ्या दिवशी वाटीत केसाएवढी पिले वळवळत होती. बाबा ती वाटी घेऊन परत तलावावर गेले.

त्या रात्री मी त्यांना ८० हजार लिटरचा हिशेब सांगितला. माझाच हात त्यात होता, हेही सांगितले. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मंग पंप धुवा कुठं, पोरी? वावरात पाणी हाय का?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. पुस्तकात लिहिले होते की पंप तीनदा थोड्या थोड्या पाण्याने वावरातच खळखळावा आणि ते पाणी पिकावरच फवारून टाकावे, नाल्याजवळ नेऊ नये. त्यासाठी दिवस मावळताना जास्तीची एक कॅन पाणी वावरात लागते. ती वाहायची कोणी? मी म्हणाले, "मी आणतो बाबा. तुमी फक्त नाल्यावर नका जाऊ."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस आम्ही तसे केले. पाहून आणखी दोघांनी केले. एकजण हसला आणि नाल्यावर गेला. एका संध्याकाळी आभाळ भरून आले, विजा कडकडू लागल्या, मालकाने घाई केली. बाबा पंप घेऊन सरळ नाल्यात उतरले. मी काठावर उभी होते. पुन्हा तो दुधाचा ढग पसरला. हाक मारावी असे मनात आले. पण दिवसभर पाठीवर ओझे वाहिलेल्या बापाला, पाऊस डोक्यावर आला असताना, काय म्हणायचे? मी गप्प राहिले. घरी येताना बाबाच म्हणाले, "आज चुकलं." मला रडू आले.

प्रकल्पाच्या वहीत शेवटी 'निष्कर्ष' असे शीर्षक द्यावे लागते. औषधामुळेच मरळ गेली, असे मी लिहिले नाही, कारण ते सिद्ध करण्याइतकी मोजणी आमच्या नाल्यात कोणी केलेली नाही. तेवढेच मी लिहिले. मेलेला मासा दिसतो, त्याचा वास येतो, लोक जमतात. जे पिलू मोठेच झाले नाही त्याची बातमी कोठून येणार? कोणीतरी दरवर्षी त्याच दिवसांत डोहावर जाऊन पाहिले आणि लिहून ठेवले, तरच ती येईल. आजोबा पाहत होते; लिहिणे त्यांना येत नव्हते. मला लिहिता येते.

प्रकल्प जमा करताना वहीची शेवटची चार पाने मी फाडून ठेवून घेतली. त्यांवर रकाने आखले आहेत : वर्ष, नक्षत्र, पाणी, पिले. धाकट्या भावाने विचारले, लाल पिले कशी असतात? त्याने ती पाहिलेली नाहीत. मी शाईने नाही, शेंदराने बोट टेकवून त्याला कागदावर दाखवली.

पहिल्या ओळीत यंदाचे वर्ष आहे. पिलांच्या रकान्यात शून्य. पुढच्या पुनर्वसूत आम्ही दोघे डोहावर जाणार आहोत.

— बी. ए. द्वितीय वर्ष